ताई, तू पडली नाहीस

विमलताई,

तू गेलीस त्या सकाळी चौकातल्या बोर्डावर २०६ लिहायचं होतं आणि मी २०३ लिहून मोकळा झालो होतो. सहा आणि तीनमध्ये माझा घोळ होतो, हे तुला नवीन नाही. "पेंटर, तुझा सहा पिऊन आल्यासारखा दिसतो," तू म्हणायचीस, "कुठं तोंड करून उभं राहायचं तेच त्याला कळत नाही." तर मी शिडीवर चढून तो तीन रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होतो. डाव्या हातात लाल ऑइल पेंटचा डबा, दातांत ब्रश. मागून आवाज आला. ब्रेकचा नव्हता. एरवी आधी ब्रेक ओरडतो, मग माणसं ओरडतात, मग आदळतं. इथं आधी आदळलंच. न रंगवलेल्या ग्रे कापडाचा गठ्ठा दुसऱ्या मजल्यावरून टाकावा तसं. माणसं नंतर ओरडली.

वळून बघितलं तर टेम्पोचं तोंड विजेच्या खांबाला लागलेलं आणि खांब आणि टेम्पो यांच्यामध्ये तू. तुझा ड्रेसिंगचा डबा उघडून गटारात गेला होता. कापसाच्या गुंडाळ्या पाण्यावर तरंगत होत्या. वरच्या डाईंग मिलचं पाणी त्या दिवशी हिरवं होतं, म्हणून कापूस हळूहळू हिरवा होत गेला. मी त्या कापसाकडेच बघत राहिलो, कारण तुझ्याकडे बघायचं नव्हतं. लोकांना वाटतं मी तुझ्याकडे धावलो. ताई, मी शिडीवर होतो, आणि बराच वेळ शिडीवरच होतो.

मग पोरांनी टेम्पो मागे ढकलला, तुला बाजूला घेतलं, चहावाल्यानं आपली चादर टाकली. केबिनमधून हिरामणला ओढून काढलं. हिरामण, आपला शिरपूरकडचा, रात्रपाळी करून सकाळी पोटली तोडणारा. देशी दारूच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा वास माझ्यापर्यंत शिडीवर आला. तेव्हा मी उतरलो. तुझ्याकडे जाण्यापेक्षा त्याच्याकडे जाणं सोपं होतं.

तो हात जोडून म्हणत होता, "मी नही धडकनू भो. बाई पडनी. बाई आडवी पडनी."

'पडनी' हा शब्द ऐकला आणि मी डबा त्याच्या तोंडावर मारला.

पहिल्या फटक्याला झाकण उडालं. दुसऱ्याला रंग उडाला, माझ्यावर, त्याच्यावर, चहावाल्याच्या दुधावर. तिसरा फटका डब्याच्या धारेचा होता आणि तो त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. तोवर बाकीचेही आले होते. कुणाच्या हातात पाना, कुणाच्या हातात टेम्पोच्या फाळक्याची फळी. खाली पडलेल्या माणसाला लाथा घालताना प्रत्येकाला वाटतं आपली लाथ हलकी आहे. रंग कुठला आणि रक्त कुठलं, ते कळेना. लाल डबा घेऊन मारायचं असेल तर ही एक सोय होते. मग कुणीतरी टेम्पो पेटवला. त्यासाठी रॉकेलचा बोळा कुणाचा वापरला, ते विचारू नकोस.

हिरामणनं तोंड झाकायला हात वर केला तेव्हा त्याच्या मनगटावर कानबाई देवीचा लाल-पिवळा दोरा दिसला. गाठ माझी होती. मी दोऱ्याला दोन वेढे देऊन गाठ मारतो, ब्रश बांधतात तशी. श्रावणात मीच बांधला होता.

सगळे थांबले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, मरी जाई हाऊ. टाके घाला रे कुणीतरी याला." आणि आम्ही सगळ्यांनी एकदम तुझ्या दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं.



तुला हे सगळं माहीत आहे, तरी सुरुवातीपासून सांगतो. मला स्वतःलाच नीट लावून घ्यायचं आहे.

हा बोर्ड ही माझी अक्कल. हजीऱ्याला एका कारखान्यात पाइप रंगवायच्या ठेक्यावर मी दोन महिने होतो. तिथं गेटवर भलामोठा बोर्ड होता, इतके दिवस अपघात नाही म्हणून. रोज आकडा वाढायचा आणि साहेब लोक त्याच्याकडे बघून आत जायचे. मला तो फार आवडला. मग त्या वर्षीच्या कानबाईच्या विसर्जनात ते झालं. प्यायलेल्या ड्रायव्हरनं मिरवणुकीचा टेम्पो पुढं घ्यायच्या ऐवजी मागं घेतला, आणि मागं नाचणारी माणसं होती. तीन जणांचे पाय तू रस्त्यावर बसून फळ्यांना बांधलेस. एकाची नडगी कातडीतून बाहेर आली होती आणि तू त्याला सांगत होतीस, "बघू नको, नाचत होतास ते गाणं म्हण." तो खरंच म्हणायला लागला. मी जवळच ओकत होतो. तू मला म्हणालीस, "पेंटर, ओकून झालं की ही फळी धर."

इथं सुरतेत दारूबंदी. त्यामुळे पांडेसऱ्यात दारू कुठं दिसत नाही, फक्त प्यायलेली माणसं दिसतात. पोलिसांकडून काही होणार नाही, हे मंडळाच्या आप्पांना कळत होतं. आप्पा म्हणजे आपल्या खान्देशी मंडळाचे अध्यक्ष, दोन टेम्पोंचे मालक, भाषण सुरू केलं की आधी घसा खाकरणारे. त्यांनी पुढच्या वर्षीच्या कानबाईला कार्यक्रम काढला: सगळ्या ड्रायव्हरांनी गाडीची चावी कानबाईपुढं ठेवायची, देवीची आण घ्यायची की पिऊन स्टिअरिंगला हात लावणार नाही, मग चावी उचलायची. मनगटावर दोरा. पिऊन अपघात केला तर पुढच्या कानबाईत सगळ्यांसमोर दोरा कापायचा. आणि चौकात माझा बोर्ड: बिनअपघाताचे दिवस.

तू तेव्हाच हसली होतीस. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, बौद्धवाड्यातली पोर तू, तुला कानबाईचं काही पडलेलं नव्हतं, पण चेष्टा देवीची नव्हती. "आमच्या विहारात पाचवं शील, दारूला शिवणार नाही म्हणून, रोज सकाळी म्हणतात. माझा भाऊ सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो. आणि संध्याकाळी त्यालाच मी धरून घरी आणते."

"म्हणजे आण घेऊच नये?"

"घ्या की. मी कुठं नको म्हणते. पण मग मोजा. आण मोजता येत नाही पेंटर, टाके मोजता येतात."

मी म्हणालो, बोर्ड आहे ना मोजायला. तू म्हणालीस, आकडे निदान खडूनं लिही. मी पेंटर माणूस, खडू धरला तर इज्जत जाईल, म्हणून रोज सकाळी ऑइल पेंटनं लिहायचो आणि रोज रॉकेलनं पुसायचो. इतका मूर्खपणा दोनशे दिवस नेमानं करणं, हेसुद्धा सोपं नाही.

आकडा चढला, आणि कसा चढला. श्रावण गेला, भाद्रपद आला, आणि प्लेग आला. आठ दिवसांत अर्धं सुरत स्टेशनवर होतं. आपली माणसं मिळेल त्या गाडीला लटकून शिरपूर, अमळनेर, धुळ्याला पळाली. लूम बंद, डाईंग बंद, रस्त्यावर कुत्री. मी पळालो नाही. शौर्य म्हणून नाही, तिकीट काढायला गेलो तेव्हा चुकून माल धक्क्याच्या रांगेत दोन तास उभा होतो आणि गाडी गेली. तू पळाली नाहीस, कारण दवाखाना उघडा होता. तोंडाला फडकं बांधून मी रोज बोर्ड रंगवत होतो. तीस, चाळीस, पन्नास. बघायला कुणी नव्हतं, तरी मी शिडीवरून उतरून दोन पावलं मागं जाऊन बघायचो.

दिवाळीनंतर लोक परत आले, तर चौकात केवढा मोठा आकडा. आप्पांनी फटाके लावले. म्हणाले, आणेचा चमत्कार. मी मान डोलावली. तू दवाखान्याच्या पायरीवर उभी होतीस. "पेंटर, गाव रिकामं होतं. माणसंच नाहीत तर आपटणार कोण? त्या दिवसांत कुत्र्यांनीसुद्धा अपघात केला नाही, त्यांना पण दोरा बांध."

मला राग आला होता, ताई. त्या आकड्यात माझी काहीच मेहनत नव्हती, कदाचित म्हणूनच.

मग माझं ते प्रकरण. ते मी पुढं शंभरदा रंगवून सांगितलं, पण खरं कधीच नाही. मार्गशीर्षात उधन्याला एक लग्न होतं. मी एक नवा बोर्ड रंगवून लूनाच्या कॅरिअरला बांधला होता, "दारू पिऊन वाहन चालवू नका", हजीऱ्याच्या रस्त्यावर लावायचा. रंग ओला. दुपारच्या पंगतीत मुलाकडच्या एकानं दमणहून आणलेली बाटली काढली. मी नको म्हणालो. मग परत एकदा नको म्हणालो. मग घेतली. तीनच्या उन्हात परत निघालो आणि रेल्वे फाटकाच्या अलीकडं लूना मला सोडून पुढं गेली. मी हनुवटीवर आपटलो आणि बोर्ड माझ्यावर. उठलो तेव्हा हनुवटी दोन भागांत होती, खालचा एक दात हातात होता, आणि पांढऱ्या सदऱ्यावर, छातीभर, लाल अक्षरांत उलटं छापलेलं होतं.

तू मला टेबलावर झोपवलंस. हातात सुई. वाचायला लागलीस. उलटं, म्हणून अक्षर जुळवत. "का... न... वू... ल... चा." मग तू सुई खाली ठेवलीस आणि भिंतीला डोकं टेकून हसलीस. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं आणि तू हसत होतीस. मग पुसलेस डोळे, सात टाके घातलेस, बधीर न करता. शिक्षा म्हणून, हे मला नंतर कळलं.

"उद्या बोर्ड शून्य करायचा," तू म्हणालीस.

आणि मी, तोंड शिवलेलं, दारूचा वास येतोय, दात खिशात, मी काय बोललो? मी म्हणालो, "अपघात नही ताई. मी पडनू."

तू विचारलंस, फरक काय. मी सांगितलं: धडकला तर अपघात. आपलं आपण पडलो तर पडलो. कुणाला लागलं नाही, कुणाचं काही मोडलं नाही. आपला बोर्ड अपघाताचा आहे, पडण्याचा नाही. इतकी चलाखी मी आयुष्यात दुसरीकडं कुठं केली असती तर आज माझं स्वतःचं दुकान असतं.

तू भिंतीकडं वळलीस. औषध कंपनीचं एका पानाचं जुनं कॅलेंडर भिंतीला उलटं टांगलेलं होतं, पाठ कोरी. त्यावर तू पेन्सिलनं रेघा ओढायचीस. गाडीवरून आलेला प्रत्येक जखमी म्हणजे एक रेघ. तोंडाला वास असेल तर रेघेला टिंब. शेजारी नावाचं अक्षर, काय मोडलं ते, आणि तो स्वतः काय म्हणाला ते. माझी रेघ ओढलीस, टिंब दिलंस, शेजारी छोटा ब्रश काढलास. खाली लिहिलंस: पडनू.

ताई, तो शब्द पसरला. मी सांगत फिरलो नव्हतो, पण आप्पांना सांगितला, एवढं पुरलं. महिन्याभरात तुझ्याकडं अपघात झालेला एकही माणूस येईना. सगळे पडलेले. मनगट मोडलेला भिका, "पडनू." कान फाटलेला, "पडनू." दोघं समोरासमोर धडकून आले आणि दोघंही पडलेले. दोरा कापून घ्यायची लाज, आणि आता बोर्डाचीही लाज, शंभरावर गेलेला आकडा आपल्यामुळं शून्य व्हावा, असं कुणाला वाटेल? तू मला रेघा दाखवल्यास. दिवाळीनंतर त्या कमी झालेल्या नव्हत्या. लिंबायतला तुझी मैत्रीण दवाखान्यात होती, तिलाही तू मोजायला लावलं होतंस. तिथं आण नाही, मंडळ नाही, बोर्ड नाही. तिच्याकडंही तितक्याच.

"मग कार्यक्रम बंद करू?" मी चिडून विचारलं.

"बंद कर कुठं म्हणाले मी? मागच्या गल्लीतल्या रेघा बघ. दोनच. तिथल्या बायकांनी काय केलंय माहीत आहे? चावी पिठाच्या डब्यात. सकाळी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतात, मग देतात. आण संध्याकाळी विसरते रे. बायको सकाळी उठतेच."

"ही काय पद्धत झाली? लोकांच्या तोंडाचे वास घ्यायचे?"

"मी आयुष्यभर तेच करतेय," तू म्हणालीस.

त्या रेघांत हिरामण दोनदा होता. दोन्हीदा टिंब. दुसऱ्यांदा त्यानं टेम्पो एका भिंतीत घातला होता आणि कपाळात काच घेऊन आला होता. तू काच काढलीस आणि तशीच रक्ताच्या हातानं आप्पांकडं गेलीस, कारण टेम्पो त्यांचा. मी तिथं बसलो होतो. तू म्हणालीस, याची चावी काढून घ्या. आप्पा घसा खाकरले. म्हणाले, "सिस्टर, त्याच्या नावावर एकपण अपघात नाही. आण घेतलेला पोरगा आहे. विचारा पेंटरला, बोर्ड त्याच्याकडे असतो."

तू माझ्याकडं पाहिलंस.

मी म्हणालो, "बोर्डावर तर काही नाही, ताई."

असले कार्यक्रम घेतले की अपघात खरंच कमी होतात का, हे बघायला कॉलेजातले एक सर येणार होते, तुझ्या जाण्याच्या पंधरा दिवस आधी. सभ्य माणूस, हातात फाइल. आप्पांना वाटत होतं, सरांनी चांगलं लिहिलं तर कार्यक्रम सगळ्या सुरतेत जाईल. त्यांनी मला सांगितलं, दवाखान्यातलं ते कॅलेंडर तेवढं उतरव. मी तुझ्याकडं आलो, पाय घासत. तू एका पोराच्या ढोपरावर आयोडिन लावत होतीस. मी सांगितलं. वाटलं होतं, कात्री फेकून मारशील.

तू उठलीस, कॅलेंडर खिळ्यावरून काढलंस, चार घड्या घातल्यास आणि माझ्या हातात दिलंस. "घे. सरांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. मी नाही ठरवणार. पहिला पडनू तू आहेस."

मी ते रंगाच्या पेटीत ठेवलं. सर आले. बोर्ड बघितला, वाकून बघितला, आकडा लिहून घेतला. मला विचारलं, "हे सगळे अपघात यात येतात ना?" पेटी माझ्या पायाशी होती. मी म्हणालो, "हो सर." त्यांनी पाठ थोपटली. फार मऊ हात होता. आतापर्यंत माझ्या पाठीवर पडलेल्या फटक्यांत सगळ्यांत जास्त तो लागला आहे, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी बरं वाटलं.

संध्याकाळी तू विचारलंस, "काय म्हणाले सर?"

"चांगलं म्हणाले."

तू हसलीस. तुझं तोंड उजळलं, ताई. तुला वाटलं मी दाखवलं. तुला वाटलं सरांनी रेघा बघितल्या आणि चांगलं म्हणाले. "बघ," तू म्हणालीस, "तू वाटतोस तितका वाईट नाहीस." आणि भिंतीवर रिकामा खिळा होता, त्याला तू बँडेजचा रोल अडकवलास.

मी सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी, मग त्या रविवारी. पंधरा दिवस पेटी उघडली की ते कॅलेंडर सगळ्यांत वर असायचं, मी ते बाजूला करून ब्रश काढायचो. त्या सकाळीही बाजूला केलं होतं, तीन लिहायच्या आधी.

पाचव्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तुझा फोटो, हार, तुझा भाऊ पहिल्या रांगेत, त्या दिवशी न पिता आलेला आणि म्हणून हात थरथरणारा. आप्पा बोलले. सेवा, त्याग, माऊली. मग घसा खाकरून म्हणाले, बोर्डाबद्दल लोक विचारताहेत. "सिस्टर पायी होत्या. ब्रेक फेल झाला. आणि बघणारे सांगतात की गटार चुकवताना बाई पडली. दुःख आहे, पण तो आपला अपघात धरता येत नाही. आकडा चालू राहील. सिस्टरांनासुद्धा तेच आवडलं असतं."

आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहिली. पंचनामा झाला होता. हिरामण जगला. जबडा मोडला, डावा डोळा गेला. पोलिसांनी सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. मीही सांगितलं. पंचनाम्यात लिहिलं आहे: चालक केबिनमधून उतरताना पडून जखमी. ताई, तो पण पडला. त्या दिवशी चौकात दोन माणसं पडली आणि कुणीच कुणाला काही केलं नाही.

मी उभा राहिलो. पेटीतून कॅलेंडर काढलं. म्हणालो, सिस्टर पडली नाही. हे तिनं लिहिलंय, हे मी सरांपासून लपवलं, मी वाचतो. पहिलं नाव माझं वाचलं. लूना, हनुवटी, दात, पिऊन. हॉलमध्ये दोघं-तिघं हसले, माझं काहीही ऐकून लोक हसतात. मग दुसरं वाचलं, भिकाचं. मनगट. टिंब. तेवढ्यात खुर्ची आली.

लोखंडी होती, घडीची. बरोबर हनुवटीवर बसली. तू घातलेले सात टाके जिथं होते, तिथंच चामडी उघडली. मी खाली गेलो, मग पाच-सहा जण वर आले. कुणीतरी माझ्या बरगडीत लाथ घालत होतं आणि मला वाटलं, ही काही हलकी नाही. कॅलेंडर मी पोटाखाली धरलं होतं. एक कोपरा फाटला, बाकी शाबूत आहे. तुझा भाऊ माझ्या अंगावर आडवा झाला, म्हणून मी हे लिहितो आहे.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. टाके घालता घालता त्यानं काय झालं ते गुजरातीत विचारलं, "शुं थयुं, काका?"

आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "पडनू."

शपथेवर सांगतो, सवयीनं निघालं. पाच बरगड्यांवर बुटांचे ठसे, आणि मी म्हणतो पडनू. त्याला शब्द कळला नाही, त्यानं परत विचारलं. मग मी म्हणालो, "नाही. मला मारलं. आणि मी पण एकाला मारलं. दोन्ही लिहा." त्यानं पहिलं लिहिलं. दुसऱ्यासाठी म्हणाला, ते पोलिसांत सांगायचं असतं, काका. गेलो. त्याची चौकशी अजून चालू आहे, काय होईल ते होईल. हिरामणचा डोळा माझ्या नावावर आहे, तो दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलता येणार नाही. त्याच्या आईला भेटायला गेलो होतो. तिनं दार उघडलं, बघितलं, दार लावलं. तुझ्या मरणाचा त्याच्यावरचा राग अजून जात नाही, आणि तिच्या दाराचा आवाजही जात नाही. दोन्ही बरोबर राहतात.

परवा सकाळी बोर्ड रंगवला. आप्पांना विचारलं नाही. त्या सकाळी अर्धवट राहिलेला आकडा पुसला, ० काढलं. शून्याला तोंडच नसतं, त्यामुळे यात माझी चूक होऊ शकत नाही. त्याच्या खाली तुझं कॅलेंडर उतरवलं, एकेक रेघ, टिंबासकट. सगळ्यांत वर माझं नाव आणि ब्रश. मधे हिरामणचं दोनदा. शेवटी तुझं. तुझ्या नावापुढं काय लिहायचं, यावर मी शिडीवर बराच वेळ उभा होतो, मग लिहिलं: रस्त्यानं चालली होती. त्याच्या खाली हिरामणचं तिसऱ्यांदा: पडला नाही, पेंटरनं मारलं. सरांनाही पत्र टाकलंय, कॅलेंडरची नक्कल जोडून, की तुम्हाला खोटं सांगितलं होतं. उत्तर आलेलं नाही. आपल्या आणेमुळं अपघात कमी झाले का, हे मला अजूनही माहीत नाही, ताई. एवढंच कळतं की आपण मोजलेच नव्हते. तू मोजले होतेस.

आज सकाळी भिका आला. खुर्ची त्याचीच होती, हे दोघांनाही माहीत होतं. मनगट अजून वाकडंच आहे त्याचं. शिडीखाली उभा राहून बोर्ड वाचत होता. मी ब्रश घट्ट धरला. पेंटची दुसरी बादली जवळ होती, तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं.

"मनं नाव पुसी टाक," तो म्हणाला.

"नाही पुसणार."

तो तिथंच उभा. टेम्पो मागं चालू ठेवलेला, भरलेला. मग म्हणाला, "मंग नीट लिख. तठे पडनू लिखेल शे."

"तूच तसं सांगितलं होतंस ताईला."

"सांगेल व्हतं." तो बोर्डाकडं बघत होता, माझ्याकडं नाही. "पडनू नही. पेयेल व्हतू. तसं लिख."

मी लिहिलं.  मग मी शिडीवरून उतरलो, त्याच्या अगदी जवळ गेलो आणि तू करायचीस तसा वास घेतला. आला. सकाळचे नऊ वाजले होते. मी हात पुढं केला आणि चावी मागितली.

दिली नाही. मी टेम्पोसमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं शिव्या दिल्या, हॉर्न वाजवला, शेवटी टेम्पो तिथंच सोडून चालत गेला, चावी खिशात घालून.

उद्या परत मागतो.